अंगण, वाडी आणि धोरण : ‘अंगणवाडी’ या शब्दाचा बोर्डी ते दिल्ली प्रवास

१. प्रास्ताविक

आधुनिक भारतीय भाषांच्या परस्परसंबंधांचा विचार करताना आपले लक्ष बहुधा वाङ्मयकृतींच्या भाषांतराकडे आणि वाङ्मयीन चळवळींच्या प्रसाराकडे जाते. शासनव्यवहाराच्या मार्गाने एका भाषेतील शब्द सर्व भाषांत कसा पोहोचतो, आणि त्या प्रवासात त्याच्या अर्थाचे काय होते, याचा विचार त्या मानाने थोडा झाला आहे. ‘अंगणवाडी’ हा मराठी शब्द या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. पश्चिम किनाऱ्यावरील एका आदिवासी भागात तो घडला. १९७५ साली दिल्लीत आखल्या गेलेल्या एका अखिल भारतीय योजनेने तो स्वीकारला. आज काश्मीरपासून केरळपर्यंत कोणत्याही खेड्यात त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. मराठीतून इतका दूर आणि इतका खोल गेलेला दुसरा अर्वाचीन शब्द सहजी सापडणार नाही.

मात्र तो मराठी आहे हे मराठी भाषकही आता विसरले आहेत. तो सरकारी शब्द म्हणूनच ओळखला जातो. प्रस्तुत लेखात या शब्दाची घडण, त्यामागील शैक्षणिक विचार आणि बालकांविषयीच्या शासकीय धोरणाच्या भाषेत त्याला मिळालेले स्थान यांचा मागोवा घेतला आहे. शब्द जेव्हा एका विचाराचा संक्षेप असतो, तेव्हा त्याच्या अर्थसंकोचाबरोबर तो विचारही संकोच पावतो. या शब्दाच्या बाबतीत हा संकोच सहा वर्षांखालील मुलांच्या खेळाशी आणि शिक्षणाशी निगडित असल्यामुळे तो केवळ भाषाशास्त्रीय कुतूहलाचा विषय राहत नाही.

२. शब्दाची घडण

‘अंगण’ आणि ‘वाडी’ या दोन पदांचा हा समास आहे. ‘अंगण’ संस्कृतातून आलेले असले तरी मराठीत त्याला घराच्या रचनेतील एक निश्चित स्थान आहे. माजघर, ओसरी, पडवी आणि अंगण असा घराचा क्रम आतून बाहेर येतो. अंगण घराचे असते, पण घराच्या आत नसते. तेथे तुळस असते, सडा-रांगोळी होते, धान्य वाळत घातले जाते आणि मुले खेळतात. झिम्मा, फुगडी, भोंडला हे खेळ अंगणाचेच. कामात असलेल्या आईच्या दृष्टीच्या टप्प्यात, पण तिच्या हाताच्या बाहेर, अशी ही जागा आहे. मुलाच्या स्वातंत्र्याचा पहिला अनुभव येथे येतो.

अंगणाला आणखी एक बाजू आहे, आणि ती मराठी समाजाच्या जातिव्यवस्थेतून आलेली आहे. परका मनुष्य कोठपर्यंत येऊ शकतो, याची मर्यादा घराच्या याच क्रमाने ठरत असे. कोणी ओसरीवर बसे, कोणी पडवीपर्यंत येई, कोणी अंगणात उभा राही, आणि कोणाला अंगणाच्याही बाहेर थांबावे लागे. म्हणजे अंगण ही जशी जिव्हाळ्याची जागा, तशीच ती अंतर राखण्याचीही जागा होती. मराठी ललित वाङ्मयात अंगणाचे जे रम्य चित्र वारंवार येते, ते बहुतेक वेळा आतून पाहिलेल्या अंगणाचे असते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

‘वाडी’चा संबंध संस्कृत ‘वाटिका’, ‘वाटी’ या रूपांशी आहे. मराठीत तिचे दोन अर्थ नांदतात. एक कुंपण घातलेली बाग, विशेषतः कोकणातील नारळी-पोफळीची. आणि दुसरा मुख्य गावापासून सुटी असलेली लहान वस्ती. फ्रोबेलने जर्मनीत १८४० च्या सुमारास आपल्या शिशुशाळेला मुलांची बाग अशा अर्थाचे नाव दिले. मूल हे रोप आणि शिक्षक हा माळी, ही त्याची कल्पना. मराठीत त्याला ‘बालोद्यान’ असा पंडिती प्रतिशब्द करता आला असता. परंतु रूढ झाला तो ‘बालवाडी’ हा शब्द. त्यात बाग तर आलीच, शिवाय वस्तीही आली. ‘बालवाडी’ या शब्दात लहानांची बाग आणि लहानांचे गाव असे दोन्ही अर्थ मराठी कानाला ऐकू येतात. ‘अंगणवाडी’ त्यापुढची पायरी होय. ती बाग आता एका अंगणात भरते, आणि ते अंगण कोणाचे, हा प्रश्न त्याबरोबर उभा राहतो.

३. बोर्डी आणि कोसबाद

या प्रश्नाचे उत्तर देण्याचे श्रेय ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांना आहे. ताराबाईंची जडणघडण भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत झाली. तेथे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली, आणि पुढे ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकाच्या मराठी आवृत्तीचे संपादन ताराबाईंनी केले. १९३६ साली मुंबईत दादर येथे त्यांनी शिशुविहार उभारला. मॉन्टेसरी पद्धतीचे भारतीय रूप घडवणारे हे सर्व कार्य मुख्यतः शहरी, सुशिक्षित कुटुंबांतील मुलांसाठी होते. त्या काळच्या शब्दांवरूनही हे दिसते. ‘मंदिर’ आणि ‘विहार’ या दोन्ही जागा अशा, की जेथे मुलाने जायचे असते, आणि जाण्याजोगे होऊन जायचे असते.

१९४५ साली ताराबाई ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्ह्यातील) डहाणू तालुक्यात बोर्डी येथे आल्या. त्याच वर्षी सेवाग्रामच्या शिक्षण परिषदेतून नयी तालीमचा विचार शाळापूर्व वयापर्यंत विस्तारण्यात आला. मोरगावी जन्मलेल्या, बालपणीच वैधव्य आलेल्या आणि शिक्षिकेचे काम करीत असलेल्या अनुताई वाघ त्यांना येथे येऊन मिळाल्या, आणि पुढे सत्तेचाळीस वर्षे त्यांनी हे काम सोडले नाही. हा भाग वारली आदिवासींचा. त्याच १९४५ साली, याच परिसरात, वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथाने तो मराठी वाङ्मयात अजरामर केला आणि त्यास १९७२ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. एकाच भूमीवर, एकाच वर्षी, दोन अगदी भिन्न विचारसरणींच्या स्त्रिया आदिवासींपर्यंत पोहोचल्या. एकीने प्रौढांच्या मजुरीचा प्रश्न हाती घेतला, दुसरीने त्यांच्या मुलांच्या वाढीचा. मराठी वाङ्मयेतिहासात या दोन घटना एकत्र वाचल्या जात नाहीत. त्या तशा वाचल्या जावयास हव्यात.

बोर्डीत बालवाडी उघडली. गावातील मुले आली. हरिजन आणि आदिवासी पाड्यांवरील मुले आली नाहीत. याची कारणे शोधण्यास दूर जाण्याची गरज नव्हती. मोठी मुले गुरे राखीत, त्यांच्या पाठची मुले त्यांहून लहानांना सांभाळीत, आणि गावातल्या शाळेची वाट जातीच्या वाटेवरून जात होती. त्या काळच्या प्रचलित विचारसरणीने यावर उपाय सांगितला असता तो पालकांच्या प्रबोधनाचा किंवा सक्तीचा. ताराबाई व अनुताई यांनी प्रश्न उलटा मांडला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे. त्या पाड्यावर गेल्या, एखाद्या झोपडीपुढील अंगण झाडून घेतले, मुलांना अंघोळ घातली, नखे काढली, केस विंचरले, आणि तेथेच गाणी, गोष्टी व खेळ यांना प्रारंभ केला. गावातील ती ‘केंद्रवर्ती बालवाडी’ आणि पाड्यावरील ती ‘अंगण बालवाडी’ असा भेद करण्यात आला. दुसरीचे संक्षिप्त रूप म्हणजे ‘अंगणवाडी’.

वर अंगणाची जी दुसरी बाजू सांगितली, तिच्या संदर्भात या घटनेचा अर्थ स्पष्ट होतो. ज्यांना दुसऱ्यांच्या अंगणाबाहेर उभे राहावे लागे, त्यांचे स्वतःचे अंगण येथे शाळा झाले. आणि त्या अंगणात पाहुणा म्हणून आली ती शिक्षिका. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) ही आत्मकथने ज्यांनी वाचली आहेत, त्यांना ठाऊक आहे की मराठीतील कितीतरी मुलांना जातीची धारदार जाणीव शाळेच्या उंबरठ्यापाशी झाली. बोर्डीच्या प्रयोगाने हा उंबरठाच काढून टाकला. शाळेला उंबरठा नाही, आणि म्हणून बाहेर बसवण्याजोगी जागाही नाही, असा हा विचार होता.

१९५७ च्या सुमारास हे कार्य कोसबादच्या टेकडीवर हलले. तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांची एकत्र बांधलेली ‘विकासवाडी’ उभी राहिली. धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी त्याला पाळणाघरात ठेवून शेजारच्या वर्गात बसू शकत असे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली, म्हणजे गुरे जेथे चरतात त्या कुरणातच शाळा. महागड्या मॉन्टेसरी साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांचा उपयोग झाला. मोजणे, लहान-मोठे, हलके-जड, गुळगुळीत-खरबरीत या कल्पना त्यांतून शिकवल्या गेल्या. अनुताईंचे ‘कोसबादच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन या अनुभवांची साधी, निरलंकृत नोंद आहे. त्यातील गद्याचा स्वतंत्र अभ्यास मराठीत अजून व्हावयाचा आहे.

येथे शब्दयोजनेची एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अंगणवाडी, विकासवाडी, कुरणशाळा हे तिन्ही शब्द स्थळवाचक आहेत, आणि अंगण व कुरण या तर शाळेआधीच मुलाच्या ओळखीच्या असलेल्या जागा आहेत. शिक्षणाचे स्थान मुलाच्या जगण्यावरून ठरेल, ही भूमिका शब्दांतच मुरलेली आहे.

४. दिल्लीने केलेला स्वीकार

भारतीय संविधानाच्या मूळ अनुच्छेद ४५ ने संविधान अमलात आल्यापासून दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा, असे राज्याला सांगितले होते. त्यात वयाची खालची मर्यादा नव्हती. ही आकांक्षा महाराष्ट्राला नवी नव्हती. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ साली आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली ती आपापल्या संस्थानांत अमलात आणण्यास घेतली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय विधिमंडळात मांडलेले विधेयक पुढील वर्षी फेटाळले गेले. परंतु या सर्व परंपरेत विचार होता तो लिहिण्या-वाचण्याच्या वयाच्या मुलाचा. त्याआधीचे मूल धोरणाच्या कक्षेत आले ते १९७० नंतर.

१९७२ साली मीना स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने शाळापूर्व बालकाच्या विकासाविषयी केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाला अहवाल सादर केला. आहार, आरोग्य आणि शिक्षण ही बालकाच्या बाबतीत वेगळी करता येत नाहीत, हे त्याचे सूत्र होते. २२ ऑगस्ट १९७४ रोजी राष्ट्रीय बालक धोरण जाहीर झाले, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा आरंभ झाला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, मातांसाठी आहार व आरोग्यशिक्षण, आणि तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी अनौपचारिक शाळापूर्व शिक्षण, या सहा सेवा एकाच ठिकाणी द्यावयाच्या होत्या. त्या ठिकाणाला ‘अंगणवाडी’ हे नाव देण्यात आले. ३३ प्रकल्पांपासून निघालेली ही योजना आज जवळजवळ चौदा लाख केंद्रांपर्यंत विस्तारली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आणि २००६ च्या आदेशांचा या विस्तारात मोठा वाटा आहे.

इतर भाषांनी हा शब्द आपापल्या परीने पचवला. हिंदीत तो ‘आँगनवाड़ी’ आणि ‘आँगनबाड़ी’ अशा दोन्ही रूपांत दिसतो. हिंदीच्या अनेक बोलींत ‘बाड़ी’ म्हणजे घरालगतचा भाजीपाल्याचा तुकडा. तेव्हा शब्द परका असूनही ओळखीचा झाला. मलयाळममध्ये ‘अंकणवाडि’ असे रूप रूढ आहे, आणि ‘पूवाडि’ म्हणजे फुलबाग या शब्दामुळे तेथे बागेचा अर्थ जिवंत राहिला. मात्र सुटी वस्ती हा मराठी ‘वाडी’चा दुसरा अर्थ यांपैकी कोठेही गेला नाही. पाड्याकडे जाणारी शाळा ही शब्दातील सामाजिक दिशा मराठीच्या सीमेवरच गळून पडली, आणि उरले ते लहान मुलांच्या केंद्राचे नाव.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शब्दाच्या या इतिहासात आणखी एक वळण आणले. त्या धोरणाने तीन ते आठ ही वर्षे पायाभूत टप्पा म्हणून एकत्र घेतली, अंगणवाडीला या टप्प्यात स्थान दिले, आणि पहिलीच्या आधीच्या वर्गाला ‘बालवाटिका’ असे नाव दिले. ‘बालवाटिका’ हे ‘बालवाडी’चेच पुन्हा संस्कृत केलेले रूप होय. ‘वाटिके’पासून ‘वाडी’ होण्यास शतके लागली आणि त्या शतकांत तिला वस्तीचा अर्थ मिळाला. उलट दिशेचा प्रवास एका दस्तऐवजात पूर्ण झाला आणि वस्ती पुन्हा बाहेर राहिली.

५. ‘खाऊ’ आणि ‘खेळ’

धोरणाच्या भाषेचा खरा कस क्रियापदांत लागतो. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क अन्वये शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. पण तो सहा ते चौदा या वयासाठी. सहा वर्षांखालील मुलांसाठी नव्या अनुच्छेद ४५ मध्ये संगोपन व शिक्षणाच्या प्रयत्नाचे मार्गदर्शक तत्त्व राहिले. मूळ अनुच्छेदाच्या व्यापक शब्दांत जे लहान मूल सामावलेले होते, ते हक्काच्या क्षणी वगळले गेले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, कलम ११ शाळापूर्व शिक्षणाविषयी आहे. शासनाने आवश्यक ती व्यवस्था ‘करावी’ असे ते म्हणत नाही. व्यवस्था ‘करता येईल’ असे म्हणते. विध्यर्थाच्या जागी आलेला हा शक्यार्थ कोट्यवधी मुलांच्या वाट्याला काय येईल हे ठरवतो.

याउलट २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकाला स्थानिक अंगणवाडीमार्फत मोफत आहार मिळण्याचा हक्क दिला. परिणामी अंगणवाडीत येणाऱ्या मुलाला आहार हा कायद्याने मिळतो. शिक्षण आणि खेळ हे योजनेच्या कृपेने मिळतात. अनेक खेड्यांत अंगणवाडीला ‘खिचडीची शाळा’ म्हणतात. लोकभाषेचे हे नामकरण विनोदी वाटले तरी कायद्याच्या रचनेचे ते अचूक वर्णन आहे. आहाराच्या हक्काचे महत्त्व कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. कुपोषण ज्या भागांत मुलांचे प्राण घेते, तेथे तो हक्क सर्वांत आधी हवा, आणि कोसबादचा भागही त्यांपैकीच आहे. प्रश्न इतकाच की ‘खाऊ’ आणि ‘खेळ’ ही मराठी बालपणातील जोडी कायद्याने का फोडली.

याचे एक कारण ‘खेळ’ या शब्दाला धोरणात स्वतःचे घर नाही हे आहे. मराठीत ‘खेळ’ आणि ‘क्रीडा’ हे दोन शब्द आज वेगळ्या अर्थांनी वावरतात. क्रीडेला मैदान, नियम, पंच, पदक आणि खाते आहे. विटीदांडू, लगोरी, सागरगोटे यांना यांपैकी काही नाही. आट्यापाट्या, खो-खो, हुतुतू यांना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातील व्यायामसंस्थांनी लिखित नियम दिले, तेव्हा ते खेळांतून क्रीडेत आले. तो प्रयत्न मोलाचा होता. परंतु चार वर्षांच्या मुलाने ओल्या मातीत बोट फिरवणे, एकाच बीला शंभर वेळा डब्यात टाकणे आणि काढणे, हा खेळ क्रीडेच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही. १९७४ च्या धोरणाने शारीरिक शिक्षण, खेळ आणि मनोरंजन यांना शाळांतून व सामाजिक केंद्रांतून उत्तेजन देण्याचे आश्वासन दिले होते. १९९२ साली भारताने स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या अनुच्छेद ३१ ने विश्रांती आणि खेळ हा बालकाचा हक्क मानला. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत क्रीडांगण आणि खेळसाहित्य यांची नोंद आहे. पण ती सहा वर्षांपुढील शाळेसाठी. २०२५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्रीडा धोरणाच्या ‘खेलो’ या नावात क्रियापद खेळण्याचे असले तरी त्याची दृष्टी २०३६ च्या ऑलिंपिककडे आहे. शाळापूर्व बालकाचा खेळ महिला व बालविकास, शिक्षण आणि क्रीडा या तीन खात्यांच्या मधल्या जागेत उरतो.

या संदर्भात एका साहित्यिकाची आठवण करणे योग्य होईल. १९८९ साली आर. के. नारायण यांनी राज्यसभेतील आपल्या भाषणात मुलांच्या पाठीवरील दप्तराच्या ओझ्याचा आणि हिरावलेल्या बालपणाचा प्रश्न मांडला. त्याने सुरू झालेल्या चर्चेची परिणती यशपाल समितीत आणि तिच्या १९९३ च्या अहवालात झाली. ज्याने १९३५ साली आपल्या पहिल्या कादंबरीत शाळकरी मुलाचे जग उभे केले, त्याने अर्धशतकानंतर संसदेत तेच जग धोरणाचा विषय केले. दप्तर न उचलणाऱ्या, शाळेतही न पोहोचलेल्या मुलाची बाजू मात्र संसदेत मांडण्यास अनुताई नव्हत्या. त्यांची साक्ष मराठीत आहे, आणि ती दिल्लीत वाचली गेली नाही.

६. ‘सेविका’ आणि ‘मानधन’

अंगणवाडीबरोबर आणखी दोन शब्द शासकीय भाषेत स्थिरावले : ‘सेविका’ आणि ‘मानधन’. ताराबाई आणि अनुताई यांच्या पिढीला ‘सेवा’ या शब्दात गांधीयुगाचा त्याग दिसत होता. तो त्याग त्यांनी स्वेच्छेने पत्करला होता. योजनेने तो शब्द उचलला आणि त्याला सेवाशर्तींचा अर्थ दिला. सेविका ही कर्मचारी नव्हे, ती मानसेवी कार्यकर्ती. म्हणून तिला वेतन नाही, मानधन आहे. १ ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने सेविकेचे मानधन दरमहा ४,५०० रुपये आणि मदतनिसाचे २,२५० रुपये ठरवले. राज्ये त्यात आपापली भर घालतात. ‘मानधन’ या शब्दातील मान आणि धन यांपैकी कोणता घटक किती, हे वाचकांनीच ठरवावे.

न्यायालयांच्या भाषेतही हा शब्दांचा प्रश्नच आहे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका हे शासकीय पद नव्हे असे ठरवले. २५ एप्रिल २०२२ रोजी त्याच न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना उपदान कायदा लागू होतो असा निर्णय दिला, आणि त्यांच्या मोबदल्याला ‘मानधन’ म्हटल्याने तो वेतन असण्याचे थांबत नाही, ही भूमिका घेतली. त्याच वर्षाच्या आरंभी दिल्लीतील सेविकांनी मानधनवाढीसाठी दीर्घ संप केला होता. मुलांच्या खेळाचा विचार करताना हे विषयांतर वाटण्याचा संभव आहे. तसे ते नाही. लसीकरणाच्या नोंदी, वजनांची नोंदवही, आहारवाटप, गृहभेटी आणि सर्वेक्षणे या सर्वांनंतर जो वेळ उरतो तो खेळाचा. ज्या कामाची नोंदवही नाही ते काम सर्वांत आधी मागे पडते.

७. अंगणावाचून अंगणवाडी

दिल्लीत बसून या शब्दाचा विचार करताना आणखी एक विसंगती जाणवते. महानगरातील गरीब वस्त्यांत अंगण नाही. गल्लीच्या दोन्ही बाजूंनी भिंती भिडलेल्या असतात आणि अंगणवाडी भरते ती एखाद्या भाड्याच्या खोलीत. शब्दाचा पूर्वपदार्थच नाहीसा झालेला असतो.

या स्थितीची जाण दिल्लीत फार पूर्वी झाली होती. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने राजघाटाजवळ चाललेल्या बांधकामावर मीरा महादेवन यांनी मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केले. त्यातून पुढे ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था आकारास आली. बांधकाम संपले की मजूर दुसरीकडे जातात; म्हणून पाळणाघरही त्यांच्याबरोबर जाते. कुरणशाळेचा विचार आणि हा विचार यांत तत्त्वतः भेद नाही. गुरांमागे जाणारे मूल आणि विटांमागे जाणारे मूल, दोघांच्याही बाबतीत शाळेनेच पाऊल उचलायचे आहे. म्हणजे ‘अंगणवाडी’चा मूळ अर्थ दिल्लीत अज्ञात नव्हता. १९७५ च्या योजनेने नाव कोसबादच्या कामातून घेतले, पण चालण्याचा गुण ना कोसबादचा घेतला, ना राजघाटचा. ठरलेल्या लोकसंख्येमागे एक केंद्र, असे गणित त्याच्या जागी आले. हे गणित समतेसाठी आवश्यक होते. पण स्थलांतरित मजुराचे मूल कोणत्याच केंद्राच्या लोकसंख्येत मोजले जात नाही, ही त्याची मर्यादाही तितकीच खरी आहे.

८. समारोप

या विवेचनातून तीन गोष्टी हाती येतात. पहिली, ‘अंगणवाडी’ हा शब्द एका सामाजिक कृतीचे नाव होता. वंचित वस्तीच्या अंगणात शिक्षिकेने जाणे ही ती कृती. दुसरी, अखिल भारतीय प्रसारात शब्द टिकला, बागेचा अर्थ अंशतः टिकला, पण वस्तीचा अर्थ आणि जाण्याची दिशा लोपली. तिसरी, या लोपाला कायद्याच्या भाषेची साथ मिळाली. त्या भाषेत आहार हक्क झाला, सहा वर्षांपुढील शिक्षण हक्क झाले, आणि लहान मुलाचे शिक्षण व खेळ शक्यार्थी क्रियापदावर राहिले.

१९७४ आणि २०१३ या दोन्ही बालक धोरणांनी बालकाला राष्ट्राची मोठी संपत्ती म्हटले आहे. ‘संपत्ती’ जतन करतात, वाढवतात, तिचा हिशेब ठेवतात. बोर्डीच्या अंगणात जे मूल नखे काढून घेण्यासाठी हात पुढे करीत होते, ते कोणाची संपत्ती नव्हते. किंबहुना त्याच्या आईबापांच्या श्रमावर हक्क सांगणारे त्यालाही आपली मालमत्ता समजत होते, आणि त्याविरुद्धच त्या वर्षी वारली उभे राहिले होते. त्या मुलाला त्याचे स्वतःचे अंगण खेळण्यासाठी आणि शिकण्यासाठी परत मिळावे, एवढाच त्या शब्दाचा मूळ आशय होता.

भारतीय भाषांच्या अभ्यासकांचे काम धोरण आखण्याचे नाही. पण शब्द कोठून आला आणि काय वचन देऊन आला, याची नोंद ठेवण्याचे काम त्यांचे आहे. कलम ११ मधील क्रियापद बदलण्याचा विचार जेव्हा केव्हा दिल्लीत होईल, तेव्हा त्या वचनाची प्रत मराठीत उपलब्ध आहे, हे सांगता यावे म्हणून हा प्रपंच.